चार दिवसांचे माहेर

प्रवरेच्या काठी वसलेल्या बेलापूर गावाच्या परिसरात दूरवर उसाचे मळे पसरले आहेत. पावसाळा सरून थंडी पडू लागली, की अशा गावांत एक दृश्य हमखास दिसते. पडक्या भिंतीच्या आडोशाला किंवा कडब्याच्या गंजीखाली कुत्री व्यालेली असते आणि चार-पाच पिले एकमेकांच्या अंगावर लोळत असतात. त्यांचे डोळे उघडण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. डोळे उघडल्यावर जे जग दिसते, ते मात्र फारसे मायाळू नसते. भूक, रोग आणि भरधाव वाहने यांतून निभावून पुढचा पावसाळा पाहणारी पिले थोडीच. त्यात उसाच्या फडात दबा धरून बसणारा बिबट्या आहेच. याच प्रवरेच्या वरच्या अंगाला, अकोले परिसरात, विद्या अत्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, बिबट्याच्या भक्ष्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा असल्याचे आढळले.

अशा पिलांपैकी एखादे आईवेगळे, लंगडणारे पिलू कुणाच्या तरी दृष्टीस पडते. मन द्रवते, पण लगेच विचार येतो, की याला जन्मभर सांभाळणे आपल्याला झेपणार नाही. मग पुष्कळ माणसे मान फिरवून पुढे जातात. जन्मभर सांभाळावे किंवा पाठ फिरवावी, असे दोनच मार्ग त्यांना दिसतात. वास्तविक तिसराही मार्ग आहे. पिलू बरे होईपर्यंत आणि त्याला कायमचे घर मिळेपर्यंत त्याला आपल्या घरी आसरा द्यावयाचा. मुंबई-पुण्याकडे प्राण्यांसाठी झटणाऱ्या संस्था अशी घरे शोधत असतात. या कामाला तेथे ‘फॉस्टर’ करणे म्हणतात. आपल्या भाषेत त्याला चार दिवसांचे माहेर म्हणावे.

हे माहेरपण सोपे नसते. प्रथम पिलाला पशुवैद्याकडे न्यावे लागते. अगदी कोवळ्या पिलाला गाईचे दूध सोसेलच असे नाही. त्याने जुलाब होतात आणि जीवही जातो. त्याला ऊब हवी, जंतांचे औषध हवे, साधारण तीन-चार आठवड्यांनंतर मऊ अन्न हवे आणि सुमारे तीन महिन्यांचे झाले, की रेबीजची लस हवी. रात्री ते कण्हू लागले, की उठावे लागते. घाण काढावी लागते. मुलांनी अनोळखी कुत्र्याला परस्पर हात लावू नये, मोठ्यांना सांगावे. आणि चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

शरीराची जखम औषधाने भरते, मनाची भरण्यास वेळ लागतो. मार खाल्लेले कुत्रे नुसता केरसुणीचा आवाज झाला तरी खाटेखाली शिरते. त्याला ओढून बाहेर काढून चालत नाही. पालकाने थोड्या अंतरावर गुपचूप बसावे, वाटी पुढे सरकवावी आणि वाट पाहावी. असे कित्येक दिवस जातात. मग एका संध्याकाळी ते आपण होऊन बाहेर येते, हात हुंगते आणि पायाशी अंग टाकते. खरी कसोटी येथूनच सुरू होते. त्याने माणसावर विश्वास ठेवला, म्हणजे ते नव्या घरी जाण्यास योग्य झाले! ज्या दिवशी ते आपले होते, त्याच दिवशी त्याच्या पाठवणीची तयारी करावी लागते.

पाठवणी तरी कुठेही करून कसे चालेल? मुलगी देताना घर पाहतात, तसे येथेही पाहावे लागते. कुत्र्याला दिवसभर साखळीने बांधून ठेवणार का? घरची मंडळी परगावी गेली, तर त्याची भाकरी कोण पाहील? कुत्रे दहा-पंधरा वर्षे जगते. आज बारा वर्षांचा मुलगा हट्टाने पिलू मागतो. तो शिक्षणासाठी दूर गेला, तरी घरची माणसे त्याला सांभाळतील ना? अशा प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली, तरच पिलू द्यावे.

भागवतात भरत राजाची कथा आहे. नदीत पडलेले हरणाचे पाडस त्याने वाचवले, हे उत्तमच केले. परंतु पुढे त्या पाडसात त्याचा जीव असा गुंतला, की अंतकाळीही त्याला तेच आठवले आणि पुढचा जन्म हरणाचा आला. उलट यशोदेने ज्याला वाढवले, तो कृष्ण एके दिवशी मथुरेला निघून गेला. म्हणून तिचे आईपण उणे झाले नाही. पिलाचा तात्पुरता पालक यशोदेच्याच वाटेने जातो. त्यालाही वाटते, की हे एवढे एक पिलू ठेवूनच घ्यावे. पण घरात जागा एकाचीच असेल, तर ते राहिले म्हणजे दुसऱ्यासाठी दार बंद झाले. म्हातारे किंवा अपंग कुत्रे पुष्कळदा कुणी नेत नाही. तेव्हा तेच घर त्याचे कायमचे होते, आणि तेही योग्यच असते.

एवढ्याने गावातील साऱ्या पिलांचे दुःख संपत नाही. त्यासाठी कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण झाले पाहिजे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांचाही भर त्यावरच आहे. पण ते काम होत राहील तोवर, आज कडब्याखाली कुडकुडणाऱ्या पिलाला थांबण्यास सांगता येत नाही.

पिलू नव्या घरी गेले, की अंगण दोन दिवस ओकेबोके वाटते. दार वाजले, की धावत येणारे कुणी नसते. डोळे पुसून पालक वाटी घासून ठेवतो आणि जुनी गोधडी धुऊन उन्हात टाकतो. ती वाळली, की पुढच्या पाहुण्याच्या उपयोगी पडणार असते.