काळी कड

अण्णा कोल्हापूरहून बंगळुरात इंदिरानगरला आमच्याकडे राहायला आले ते 2011 साली, सीएमएच रोडवरून मेट्रो धावू लागली त्या वर्षी. सामानात कपडे थोडे, ब्रश जास्त. फ्लेक्सनं हातचे बोर्ड संपवून तोवर बरीच वर्षं झाली होती.

सिनेमाचे बोर्ड त्यांनी जन्मभर रंगवले. त्यातही रामसे बंधूंच्या भुतांवर फार जीव. 'पुराना मंदिर'चा बोर्ड केला तेव्हा, 1984 साली, मी आठ वर्षांचा होतो. अंगणात ताणलेलं कापड, त्यावर पाडलेले चौकोन, जवसाच्या तेलाचा वास. सिनेमातल्या सैतानाचा, सामरीचा चेहरा हिरवा, गालफडं निळी. एका चौकोनातलं रक्त त्यांनी मला रंगवायला दिलं. मी लालभडक फासलं.

"कडंला काळं वड," अण्णा म्हणाले. "नुसतं तांबडं लांबनं जास्वंदीवानी दिसतंय."

त्या रात्री त्याच बोर्डाच्या भीतीनं मी त्यांच्या कुशीत झोपलो.

भडक, गल्लाभरू, असं लोक त्यांच्या कामाला म्हणत. मला ते आजही लागतं. बाबुराव पेंटरांचं नाव घेताना अण्णा कानाला हात लावत. 1920 च्या 'सैरंध्री'त बाबुरावांनी कीचकवध असा काही दाखवला, की बायका भोवळ येऊन पडल्या म्हणतात. सेन्सॉरनं तो प्रसंगच कापायला लावला. माणूस पैसे मोजून भ्यायला येतो, तर त्याला मन लावून भिववलं पाहिजे, हा अण्णांचा धर्म होता.

2018 साली उच्च न्यायालयानं फटकारलं आणि शहरातले फ्लेक्स उतरले. मला वाटलं, अण्णांना बरं वाटेल. तर म्हणाले, "मोकळी भिंत बघवत न्हाई रे."

ट्वेल्थ मेनवरच्या एका हॉटेलात जुन्या पोस्टरांच्या धर्तीवर छापलेलं मोठं चित्र आहे: किंचाळणारी बाई, रक्ताळलेला तळवा. अण्णांना मुद्दाम घेऊन गेलो. त्यांनी त्यावरून हात फिरवला. गुळगुळीत. "हिला कुनाचा हात न्हाई लागलेला," एवढंच बोलले आणि डोसा गार होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.

त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. परवा त्या हॉटेलावरून येताना पाय थांबले. आत गेलो नाही. बोर्ड पारखायला अण्णा जेवढे मागे सरत, तेवढा सरून पलीकडच्या फुटपाथवर उभा राहिलो. काचेतून ती बाई दिसत होती. तिच्या हातावर कुणी जास्वंद ठेवल्यासारखी.