होडीचा चातुर्मास

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात उतरणारी मुंबई-पुण्याची मंडळी समुद्र पाहतात, मासळीवर ताव मारतात आणि रंगीत होड्यांची छायाचित्रे घेऊन परततात. पण होडी पाहावी ती आषाढात. तेव्हा ती पाण्यात नसते, वाळूवर असते. आणि वैद्यापुढे बसलेल्या रोग्याप्रमाणे आपली सारी दुखणी उघड सांगत असते.

दापोलीहून हर्णैला उतरले की समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. १७५५ साली तुळाजी आंग्र्यांकडून पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून घेतलेला हा किल्ला अजून लाटा झेलीत उभा आहे. दगडाला हे साधते, लाकडाला नाही. लाकूड खाऱ्या पाण्यात ठेवून विसरलात की संपलेच!

जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत आम्ही हर्णैला गेलो, तेव्हा किनाऱ्यावर होड्या झापांखाली निवांत पडल्या होत्या. एक वृद्ध तांडेल हातात टोच्या घेऊन आपल्या होडीचा तळ टोचून पाहत होते.

“तांडेलमामा, होडी वर्षातून किती वेळा साफ करावी लागते?” मी विचारले.

ते हसले. “भाऊ, वहिनी घर वर्षातून किती वेळा झाडतात?”

सौभाग्यवतींनी माझ्याकडे असे पाहिले की पुढचा प्रश्न मला जरा जपूनच विचारावा लागला.

उत्तर मात्र चोख होते. मोसमात दर महिन्या-दोन महिन्यांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. त्या भरतीला होडी किनाऱ्यावर उंच आणायची. ओहोटी लागली की ती कोरडी पडते. मग पुढची भरती यायच्या आत तळाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, तळ सुकवायचा, लेप द्यायचा. हे केले नाही तर होडी जड होते, वेग मंदावतो आणि तेवढ्याच वाटेला डिझेल अधिक जळते.

शेवाळ निदान डोळ्यांना दिसते. खरा वैरी आत असतो. टेरेडो नावाचा हा प्राणी दिसतो किड्यासारखा, पण जात शिंपल्याची. इवलासा असताना टाचणीने पाडावे तशा भोकातून तो लाकडात शिरतो आणि आतल्या आत वाढत जातो. बाहेरून फळी धडधाकट, आतून चाळण! म्हणून तो टोच्या.

यावर माणसाने नाना उपाय केले. आपल्या किनाऱ्यावर मुशीच्या यकृताचे तेल चोपडीत, तळाला चुना आणि तेल यांचा लेप देत. जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकीत. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाचे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरले. ते आज इंग्लंडात हार्टलपूल येथे जपलेले आहे. अलीकडे कथिलयुक्त रंग निघाले. ते इतके जहाल ठरले की शिंपल्यांचीही वाताहत झाली, आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारान्वये जहाजांवर त्यांना बंदी आली. आता पुन्हा तांब्याच्या रंगांवरच भिस्त आहे. फायबरच्या होडीला कीड लागत नाही. पण शेवाळ तिलाही सोडत नाही आणि ऊन तिचीही कांती उतरवते.

मग होडी वाळूवर ओढली की चिंता मिटली का? छे! गंमत अशी की, खारे पाणी लाकूड कुजू देत नाही; कुजवते ते पावसाचे गोडे पाणी. आणि ऊन फळ्या सुकवून सांधे उघडे पाडते. म्हणून वर झापांचे छप्पर, खाली हवा खेळण्यासाठी ओंडके, आणि तळात साचलेले पाणी रोज उपसणे. पाण्यात कीड, काठावर कूज! होडीचा चातुर्मास नारळी पौर्णिमेला संपतो. पण तो विश्रांतीचा नसतो, व्रताचा असतो.

बोलता बोलता तांडेलांचा टोच्या एका फळीत मुठीपर्यंत शिरला. ते काही वेळ गप्प राहिले. मग शेजारच्या दोन फळ्याही तशाच निघाल्या. घरावर नवी कौले घालायची म्हणून वर्षभर साठवलेले पैसे होते. ते आता सागाच्या फळ्यांना जाणार, हे कुणी न सांगताच उमगले.

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या मालकिणीने ती भोके पाहिली. कपबशा खाली ठेवीत ती एवढेच म्हणाली, “कौले राहू देत यंदा. घर गळले तर रात्रभर आपण जागू. होडी गळली तर सहा घरे जागतील.”

त्या होडीवर खलाशी सहा होते.