गिअरबॉक्सखालचं रबर

सातपुड्याच्या पायथ्याशी बैलगाडीनंतर माणसांनी जीव लावला तो जीपला. तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगावकडे जायचं, की एसटी चुकली तर जीपच. अमेरिकेनं लढाईसाठी घडवलेली ही विलीज जीप महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत जोडायला घेतली. लढाई तिनं पाहिली असेल तिकडे, आमच्याकडे तिनं नवऱ्या वाहिल्या, कोंबड्या वाहिल्या, खत वाहिलं आणि रात्री-अपरात्री दुखणाईत माणसं दवाखान्यात आणली.

तिचं एकच वाईट होतं, पेट्रोल. आमच्या दादाची जीप लिटरला आठ-नऊ किलोमीटर जायची, घाटात त्याहून कमी. १९९१ साली कपाशी हातची गेली, सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं आणि घर चालायचं ते या जीपच्या खेपांवर. दादा म्हणाला, "डिझेल इंजिन बसवू, नाहीतर गाडी विकू." तेव्हा मॅटाडोरचं इंजिन जीपमध्ये टाकायची चालच पडली होती. बजाज टेम्पोची ती गाडी, इंजिन दणकट, पार्ट कुठेही मिळायचे. मालेगावच्या भंगार बाजारातून एक इंजिन आणलं. पैसे आईच्या पाटल्यांचे होते.

इंजिन बदलणं म्हटलं की लोक चेनपुलीजवळ गोळा होतात. इंजिन वर जातं, झुलतं, खाली बसतं, तेवढंच बघायला गंमत. खरं काम गाडीखाली, मागच्या टोकाला. जीपच्या इंजिनाला पुढे दोन पाय असतात आणि तिसरा पाय गिअरबॉक्सखाली. गॅरेजात त्याला फाउंडेशन म्हणतात. गिअरबॉक्स आमचा जुनाच ठेवला होता, मधे जाड प्लेट टाकून नव्या इंजिनाला जोडला होता. पण मॅटाडोरचं इंजिन लांब. पंखा रेडिएटरला घासायला लागला, म्हणून सगळं धूड दोन इंच मागं सरकवलं. मग गिअरबॉक्सचा पाय एकीकडे आणि चेसिसच्या आडव्या पट्टीतलं भोक दुसरीकडे.

मी म्हटलं, "मिस्त्री, पहार घाला, ओढून बसवू."

मिस्त्री गाडीखालूनच बोलले, "भाऊ, बैलाची मान ओढून जुवात घालता का? भोकासाठी गिअरबॉक्स ओढायचा नाही. गिअरबॉक्स जिथं बसतो तिथं भोक करायचं."

त्यांचं शिक्षण मला माहीत नाही, पण हिशेब पक्का होता. ओढून बसवलं तर बोल्ट आवळताना कळत नाही, पण ते वजन कायम तिरपं राहतं. रबर एका कडेनं चेपतं, क्लच झटके देतो आणि एक दिवस गिअरबॉक्सचा कान तडकतो. दुसऱ्या एका गावच्या जीपला कुणी तरी रबर न घालताच लोखंडी पट्टी वेल्डिंग केली होती. चार महिन्यांत घाटात तिच्या बेलहाउसिंगला चीर गेली. तिथून ती ट्रॅक्टरला बांधून उतरवावी लागली.

आमच्या जीपचं दुसरं लचांड उंचीचं होतं. तेलाचा संप पुढच्या ॲक्सलला टेकत होता, म्हणून इंजिनाचं नाक वर घेतलं. नाक वर गेलं की शेपूट झुकतं, आणि शेपटाला प्रोपेलर शाफ्ट लागलेला. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. तिरपा क्रॉस एकसारखा फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दोन्ही टोकांचा तिरपेपणा सारखा ठेवला, तर पुढच्याची खोड मागचा क्रॉस काढून टाकतो. नाहीतर गाडी थरथरते आणि क्रॉस टिकत नाही. हे मिस्त्रींनी मला दोन काटक्या हातात धरून दाखवलं.

कोन मोजायला त्यांनी माझ्या पोराची कंपासपेटी मागवली. कोनमापकाला दोरा बांधला, दोऱ्याला नट. आधी गाडी जॅकवरून उतरवून चाकांवर घेतली आणि मागं खताची चार पोती टाकली. "रिकाम्या गाडीचा कोन खोटा," म्हणाले. गिअरबॉक्सच्या तोंडाशी मोजायचं, मग मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी मोजायचं, पुन्हा गाडीखालून बाहेर येऊन चहा प्यायचा. त्यात अख्खा दिवस गेला. दादा चिडला. त्याच्या दोन खेपा बुडाल्या होत्या.

मग पट्टी केली. चॅनलचा तुकडा कापला, भोकं गोल न ठेवता लांबट केली. रबर टायरचं कापायला मिस्त्री तयार होईनात. टायरच्या रबरात दोरे असतात, ते दबत नाही. दोन पत्र्यांमध्ये चिकटवलेलं तयार फाउंडेशन आणलं. वरचा बोल्ट गिअरबॉक्सचा, खालचा पट्टीचा, मधे नुसतं रबर. एकच बोल्ट आरपार घातला तर रबर असून नसल्यासारखं. डिझेलचा ठोका सरळ चेसिसला जातो. सगळे बोल्ट ढिले ठेवून इंजिन थोडा वेळ चालवलं, गिअरबॉक्सला त्याची जागा घेऊ दिली, आणि मग आवळलं. मागचा शाफ्ट लेथवर नेऊन कापला, पुढचा वाढवला.

इंजिन रबरावर बसवायची ही युक्ती जुनी आहे, हे पुढे वाचनात आलं. १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं प्लायमाउथ गाडीचं इंजिन असं रबरावर तरंगतं ठेवलं आणि त्याची केवढी जाहिरात केली! मिस्त्रींनी क्रायस्लरचं नावही ऐकलं नसावं.

इंजिन नंबर बदलला, त्याच्या नोंदीसाठी आरटीओत खेटे घालावे लागले. तेव्हा आमचा जिल्हा धुळेच होता, नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. ते पुराण इथं नको.

पहिली भरलेली खेप दादानं मुद्दाम चांदसैलीतून घेतली. मी पाय खालच्या पत्र्यावर टेकवून बसलो होतो. इंजिनाचा दणदणाट कानात होता, पण तळव्याला थरथर नव्हती. पंधरा दिवसांनी मिस्त्रींनी बोलावून बोल्ट पुन्हा आवळले. त्या पावसाळ्यात धडगावकडची एक अडलेली बाई रात्री तळोद्याला आणली. मागं तिची सासू तिचं डोकं मांडीवर धरून बसली होती. दादा घाटभर दुसऱ्या गिअरवर होता. बाळ दवाखान्यात पोचल्यावर झालं.

लिटरला तेरा-चौदा पडायला लागले. सोसायटीचं कर्ज तीन वर्षांत फिटलं, पाटल्या मात्र पुन्हा झाल्या नाहीत. जीप आणखी बारा वर्षं चालली. तेवढ्यात ते रबर दोनदा बदललं, पट्टी तीच राहिली.