धूर गेला, पहारेकरी गेला

शहापुरातील थंडी फार कडाक्याची असते असे नव्हे. तथापि डिसेंबरच्या पहाटे येथील गारठा अंगात शिरतो, आणि दारे-खिडक्या घट्ट लावून उष्णोदकाने स्नान करणे हे एक निर्दोष सुख वाटते. आमच्या बालपणी हे सुख तांब्याचा बंब देत असे. रोज त्याची राख काढावी, मधली नळी झाडावी, लाकडे ओली असल्यास फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यावेत. धूर कोंडला की घरातील मंडळी खोकत अंगणात येत. त्या धुरास आम्ही पुष्कळ दूषणे दिली. तो घराचा पहारेकरी होता, हे मात्र फार उशिरा कळले.

काही वर्षांपूर्वी आमच्या न्हाणीघरात बंबाच्या जागी गॅसचा गीझर आला. धूर नाही, राख नाही. तोटी फिरविली की कढत पाणी. मग त्याकडे कोण पाहतो? पुढे त्याची निळी ज्योत पिवळसर दिसू लागली. आमच्याकडे काम करणारा तरुण एकदा म्हणालाही, "फादर, आंघोळ करून आलो की डोकं जड होतंय. मिस्त्रींना बोलावू का?"

"नाताळ होऊन जाऊ दे, मग पाहू," आम्ही उत्तरलो. खरे कारण नाताळ नव्हते. मजुरीचे पैसे वाचविण्याचा क्षुद्र हिशेब होता.

त्याच आठवड्यात एके सकाळी न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत राहिला, पण हाकेला ओ येईना. दार फोडले. तो भिंतीशी कोसळला होता. शेजाऱ्यांनी त्यास उचलून मोकळ्या हवेत आणले, रुग्णालयात प्राणवायू देण्यात आला, आणि परमेश्वराच्या कृपेने तो वाचला.

मिस्त्रींनी गीझर उघडला. बर्नरची छिद्रे धुळीने व कोळ्याच्या जाळ्यांनी बुजली होती. वरच्या तांब्याच्या पत्र्यांवर काजळी साचली होती. ते एवढेच म्हणाले, "फादर, गॅसचा वास आला नाही म्हणून तुम्ही निर्धास्त राहिलात. पण जो वायू जीव घेतो, त्याला वासच नसतो."

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. ज्योतीस पुरेशी हवा न मिळाली की तो निर्माण होतो. त्यास रंग नाही, गंध नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद खोलीतील निखाऱ्यांची शेगडीही, धूर नसला तरी, हेच विष सोडते. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांच्या मतांशी आमचा विरोध आहे. परंतु १९०२ साली पॅरिसमध्ये शेकोटीचे धुराडे चोंदल्याने ते मृत्यू पावले, ही गोष्ट प्रत्येक गृहस्थाने ध्यानी ठेवावी.

आमच्या बेळगावात उद्यमबागेतील ओतशाळा प्रसिद्ध आहेत. भट्टीचे अस्तर तपासल्यावाचून तेथील जाणता कारागीर ती पेटवीत नाही. मग ज्या अग्नीपाशी आपली मुलेबाळे स्नान करतात, त्याची तपासणी नको काय?

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. थंडीपूर्वी दर वर्षी जाणत्या मिस्त्रीकडून तो साफ करून घ्यावा. स्वतः खटपट करू नये. ज्योत पिवळी दिसल्यास तो बंद ठेवावा. स्नान करताना डोके जड झाले, मळमळले, तर तत्काळ बाहेर यावे, आणि गीझर चालू होता हे डॉक्टरांस अवश्य सांगावे.

तो तरुण आजही आमच्याकडे आहे. दिवाळी झाली की तो विचारतो, "फादर, मिस्त्रींना बोलावू का?" आम्ही आता नाताळाचे नाव काढीत नाही.