चांगल्या चॅनेलला विचारा

जुना स्टिरिओ रिसीव्हर दुरुस्तीला येतो तेव्हा त्याच्याबरोबर बहुधा एक सल्लाही येतो: "सगळे कंडेन्सर बदलून टाका, नव्यासारखा होईल." मला हा सल्ला मान्य नाही. १९७०च्या दशकातल्या पायोनिअर, सान्सुई, मरँट्झच्या रिसीव्हरमध्ये इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर ढिगाने असतात आणि त्यांतले बरेचसे आजही चोख काम करतात. सरसकट काढायला गेलं की पीसीबीवरचे तांब्याचे पट्टे उचकटतात, एखादा कंडेन्सर उलटा बसतो आणि मूळ दोष जागचा हलत नाही. फुगलेले, गळलेले, मोजमापात कमी भरलेले जरूर बदला. पण आधी निदान करा.

त्याही आधी सेटच्या मागे बघा. आपल्याकडे असे कितीतरी रिसीव्हर आखातातल्या नोकरीहून परतणाऱ्यांच्या सामानातून आले. त्यांना बहुधा ११०, १२०, २२०, २४० असा व्होल्टेज सिलेक्टर असतो. तो आपल्या विजेला साजेसा आहे ना, हे पाहायचं. अमेरिकेतून आलेला सेट फक्त १२० व्होल्टचा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय गत्यंतर नाही. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट प्लगला कधीच लावायचा नाही. सिरीज बोर्डवर ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब लावायचा (एलईडी चालत नाही) आणि त्यातून वीज द्यायची. मोठे फिल्टर कंडेन्सर चार्ज होताना बल्ब उजळतो आणि मग मंदावतो, हे चांगलं लक्षण. भगभगतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मी आधी आउटपुट ट्रान्झिस्टर आणि रेक्टिफायर तपासतो. सेट बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. ती रेझिस्टर लावून उतरवायची, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे.

आता निदान. सर्किट डायग्राम हाताशी हवाच, पण स्टिरिओत त्याहून मोठी सोय आहे. डावा आणि उजवा अॅम्प्लिफायर हुबेहूब सारखे असतात. एक बरा असेल तर बिघडलेल्या चॅनेलची उत्तरपत्रिका शेजारीच उघडी पडलेली आहे. उजव्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर जेवढे व्होल्ट, साधारण तेवढेच डाव्याच्या बेसवर हवेत. डायरेक्ट कपल्ड सर्किटमध्ये मात्र एका ट्रान्झिस्टरचा दोष सगळीकडचे व्होल्टेज बिघडवतो. तिथे वीज काढून, कंडेन्सर रिकामे करून दोन्ही बाजूंचे रेझिस्टन्स मोजत जायचं. आकडा जिथे वेगळा येतो, त्याच्या आसपास शोधायचं. काही रिसीव्हरांना मागे 'प्री आउट' आणि 'मेन इन' जोडणाऱ्या धातूच्या कड्या असतात. त्या काढून केबलने दोन्ही चॅनेल उलटसुलट जोडले की दोष प्रीअॅम्पमध्ये आहे की पॉवर अॅम्पमध्ये, हे पेचकस न उचलता कळतं.

सेट चालू केल्यावर काही सेकंदांनी 'टक्' आवाज येतो, तो प्रोटेक्शन रिलेचा. तो आला नाही म्हणून काहीजण रिलेला वायर टाकून आवाज 'आणतात'. असं करू नका. अॅम्प्लिफायरमधून निघालेला डीसी स्पीकरची कॉइल जाळू नये म्हणून रिले अडून बसलेला असतो. रिलेच्या अलीकडे डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर सहसा काळजी नाही. काही व्होल्ट आले तर दोष अॅम्प्लिफायरमध्येच.

याउलट, आवाज बारीक असताना डावा चॅनेल गायब आणि मोठा केला की एकदम परत, ही तक्रार कोकणच्या दमट हवेतल्या सेटमध्ये मला फार दिसते. तिथे बहुधा रिलेच दोषी असतो. रिलेचं प्लास्टिकचं टोपण काढून टॉर्च मारला की संपर्कबिंदू काळे पडलेले दिसतात. पॉलिश पेपर लावला तर वरचा मुलामा जातो. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायची, दोन संपर्कांमध्ये धरून हलकेच ओढायची. पट्टीवर काळी रेघ उमटते. रेघ उमटेनाशी होईपर्यंत नवी पट्टी घ्यायची. खरखरणाऱ्या व्हॉल्यूमला आणि टेप मॉनिटरच्या स्विचला मात्र कॉन्टॅक्ट क्लीनरच हवा. गंज सोडवायचा स्प्रे तिथे मारू नये. आणि टेप मॉनिटर दाबलेला राहिला तर धडधाकट सेटही मुका होतो, हे आधी पाहावं.

भाग बदलायची वेळ आली की खरी कसोटी लागते. पायोनिअर एसएक्स-७८० चॅनेलला ४५ वॉट देतो, तो एसटीके-००५० या मॉड्यूलच्या जोरावर. हे मॉड्यूल आता बनत नाही आणि बाजारात नकली माल फार. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चकचकीत छपाईचा तुकडा स्वस्तात मिळाला तर मी तो घेत नाही. जुन्या सेटमधून काढलेला, तपासलेला पसंत करतो. आउटपुट ट्रान्झिस्टर बदलला तर मायका आणि थर्मल पेस्ट नवी लावा. बायसचा प्रीसेट सगळ्यात कमीवर ठेवून सुरुवात करा, आणि सेट तापल्यावर सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा.

तुमच्या घरात असा रिसीव्हर माळ्यावर पडून असेल तर भंगारवाल्याला वजनावर देण्याआधी एकदा सिरीज बोर्डवर लावून बघा. मेनच्या विजेवर हात बसलेला नसेल तर जाणकाराला शेजारी बसवा. आणि जे मोजलं, जे बदललं, ते चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आत चिकटवा; पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला ती लागेल.