लग्न 1475 सालचं, वरात अजून चालू

म्युनिकहून ईशान्येला निघालेली गाडी पाऊण तासात लांडशूटला पोचते. इसार नदीकाठचं हे बव्हेरियातलं गाव एरवी शांत असतं. दर चार वर्षांनी एका उन्हाळ्यात मात्र रस्त्यात खांद्यापर्यंत केस वाढवलेले पुरुष भेटू लागतात. वरातीत मिरवायचं तर केसांचा टोप चालत नाही, स्वतःचेच केस हवेत. चष्मा आणि मनगटी घड्याळही घरी ठेवायचं.

लग्न तसं जुनं आहे. 14 नोव्हेंबर 1475 रोजी बव्हेरिया-लांडशूटचा राजपुत्र गेओर्ग आणि पोलंडचा राजा चौथा कासिमिर याची मुलगी यादविगा यांचा विवाह झाला. नवरी अठरा वर्षांची. क्राकोहून निघून जवळजवळ दोन महिने प्रवास करत ती सासरी आली, आणि सासरची भाषा तिला येत नव्हती. सम्राट तिसरा फ्रेडरिक स्वतः लग्नाला हजर होता. तुर्कांच्या धास्तीने युरोपातल्या राजघराण्यांना सोयरिकी हव्याच होत्या, त्यातलीच ही एक.

पाहुणे सुमारे दहा हजार. पंगती आठ दिवस उठत होत्या आणि खर्च वरबापाचा, म्हणजे ‘श्रीमंत’ म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या ड्यूक लुडविगचा. मुदपाकखान्याचा हिशेब त्या काळच्या नोंदींत उतरला आहे: 323 बैल, 11,500 हंस, 40,000 कोंबड्या आणि 1,94,345 अंडी. शेवटची पाच अंडीसुद्धा मोजणाऱ्या त्या कारकुनाला दाद द्यायला हवी!

मैदानावर लग्नापेक्षा जास्त गाजली ती झुंज. पोलंडचा एक नामांकित सरदार आव्हान देत उभा होता. म्युनिकच्या ‘बलवान’ ड्यूक क्रिस्टोफने भाल्याच्या धडकेत त्याला घोड्यावरून खाली पाडलं, अशी हकिकत सांगतात. या क्रिस्टोफच्या ताकदीची साक्ष म्हणून एक अवजड दगड म्युनिकच्या राजवाड्यात आजही साखळीने बांधून ठेवलेला आहे. आजचे घोडेस्वार भरधाव घोड्यावरून टांगलेल्या कड्यात भाल्याचं टोक घुसवतात, आणि प्रेक्षकांतून एकच आरोळी उठते: ‘हिमेल लांडशूट, टाउझंड लांडशूट!’

पाचशे वर्षं अखंड चालत आलेली ही परंपरा नव्हे. 1880च्या दशकात नगरभवनाच्या भिंतींवर या लग्नाची चित्रं रंगवली गेली. ती पाहता पाहता गावकऱ्यांना वाटलं, ही वरात रस्त्यावरच का आणू नये? 1902 साली संस्था उभी राहिली आणि 1903 साली पहिली मिरवणूक निघाली. आता पोशाख चढवून उतरणारे दोन हजारांहून अधिक. नवरा-नवरीही गावातलेच, भाड्याने आणलेले नट नव्हेत. म्हणूनच तमाशा असूनही हा तमाशा वाटत नाही.

मुख्य रस्त्यावर सेंट मार्टिनचा विटांचा मनोरा 130 मीटर उंच उभा आहे. खऱ्या लग्नाच्या वेळी तो अजून पुरा व्हायचा होता. वर टेकडीवर ट्राउस्निट्झ किल्ला दिसतो, 1204 साली गावाबरोबरच वसवलेला. चढ दमवणारा आहे, पण तटावरून लाल कौलांचं अख्खं गाव खाली पसरलेलं दिसतं, आणि गर्दीत न दिसलेली वरातीची वाटही.

खाली सोनेरी रथातून हात हलवत जाणाऱ्या नवरीचं पुढे काय झालं, ते वरातीत कोणी सांगत नाही. यादविगाचं पुढचं आयुष्य बहुतेक करून बुर्गहाउझेनच्या किल्ल्यात, नवऱ्यापासून दूर गेलं. 1502 साली तिथेच ती वारली. वारस मुलगा उरला नव्हता. पुढच्याच वर्षी गेओर्गही गेला आणि गादीसाठी 1505पर्यंत युद्ध पेटलं. लांडशूटचं वेगळं राज्य त्यात संपलं, लग्न तेवढं उरलं.

2021 सालची वरात करोनामुळे 2023वर गेली. पुढची 2027च्या उन्हाळ्यात. पाहायला जायचं असेल तर राहायची सोय आधीच करून ठेवा. केस वाढवायचं काम गावकरी करतील.