नोंदणीपुस्तकातलं नाव

१० मार्च २०२५

यंदा माझ्या नोंदणीचं नूतनीकरण आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी एकदा मिळाली की जन्मभर पुरली, असं नसतं. दर पाच वर्षांनी ती नव्यानं करून घ्यावी लागते आणि तेवढ्या काळात ३० क्रेडिट तासांचं शिक्षण घेतल्याचा पुरावा जोडावा लागतो. रात्री दवाखाना बंद केल्यावर या शिक्षणाच्या, म्हणजे सीएमईच्या, प्रमाणपत्रांची फाईल काढून बसले. आमच्यातले काही जण याला कटकट म्हणतात. रविवार मोडतो, जिल्ह्याच्या गावी जावं लागतं, हे खरंच आहे. पण फाईल चाळताना सर्पदंशावरच्या सत्राचं प्रमाणपत्र हाती आलं. लहान मुलालाही सापाची लस मोठ्या माणसाइतकीच द्यायची, वजन बघून कमी करायची नाही. कारण चावणारा साप मूल बघून विष कमी सोडत नाही. हे तिथं पुन्हा एकदा ठासून सांगितलं होतं. ऊसपट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला एवढी एक गोष्ट नीट ठाऊक असली, तरी एखादं लेकरू वाचतं. त्यापुढं माझ्या रविवारांचं काय मोल?

१६ मार्च

एक आजी आल्या. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर बाजारच्या दिवशी येणाऱ्या एका ‘डॉक्टर’कडून गोळ्या घेत होत्या. “बाई, त्या गोळीनं लगेच उतार पडतो,” म्हणाल्या. चेहरा गोल, सुजल्यासारखा झालेला. हातावरची कातडी कागदासारखी पातळ, जागोजाग काळेनिळे डाग. साखर वाढलेली. पदराच्या गाठीतून त्यांनी पुडी सोडली. आत सुट्या गोळ्या, स्ट्रिप नाही. सोबत वहीचा फाडलेला कागद: ‘सकाळी १, संध्याकाळी १’. वर नाव नाही, पदवी नाही, क्रमांक नाही.

गोळ्या बहुतेक स्टेरॉइडच्या. त्या एकदम थांबवल्या तर शरीर स्वतःचं संप्रेरक पुरेसं तयार करू शकत नाही, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून हळूहळू कमी करत आणायचं ठरवलं, घरच्यांना बसवून समजावलं.

मन मात्र त्या कागदापाशीच अडकलं. २००२च्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरानं नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठी, दाखला, पावती या सगळ्यांवर छापायचा असतो. त्या क्रमांकामुळं डॉक्टरला जाब विचारता येतो. माझी चूक झाली तर पेशंट परिषदेकडं तक्रार करू शकतो. परिषद मला बोलावून घेईल, ताकीद देईल, प्रसंगी नाव काढून टाकेल. या आजींनी कुणाविरुद्ध तक्रार करायची? नोंदणीविना वैद्यकी करणाऱ्याला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पण बाजार उठला की तो माणूसही उठतो. कायदा त्याच्यापर्यंत पोचायचा तर गावानं तोंड उघडायला हवं.

२३ मार्च

भाचीचा फोन. सरकारी मेडिकल कॉलेजात आहे, इंटर्नशिप संपत आली. “मावशी, आता माझं प्रोव्हिजनल सुटणार आणि पर्मनंट मिळणार!” आवाजात आनंद मावत नव्हता.

लोकांना वाटतं, एमबीबीएसची शेवटची परीक्षा झाली की डॉक्टर झाला. साडेचार वर्षांनी परीक्षा सुटते, तेव्हा मिळते ती तात्पुरती नोंदणी. ती फक्त इंटर्नशिपपुरती, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करण्यासाठी. तेवढ्यावर स्वतःची पाटी लावता येत नाही. मग ५२ आठवड्यांची फेरी: सामाजिक वैद्यकशास्त्राचे (पीएसएम) १२, स्त्रीरोग-प्रसूतीचे ७, मेडिसिन आणि सर्जरीचे प्रत्येकी ६, बालरोगाचे ३, मानसोपचाराचे २, आणि अशा बाकीच्या पोस्टिंग. सगळ्याची लॉगबुकात नोंद, सह्या.

आरोग्य केंद्रातल्या पोस्टिंगमधली एक रात्र ती सांगत होती. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं, हे पुस्तकात तिनं कितीदा वाचलेलं. पण प्रसूतीआधीच सिरिंज भरून हाताशी ठेवायची, हे तिथल्या सिस्टरनी शिकवलं. रक्तस्राव सुरू झाल्यावर इंजेक्शन शोधण्यात वेळ गेला, तर ती बाई हातची जाते. कायद्यानं वर्षभर थांबायला का लावलंय, याचं उत्तर त्या भरलेल्या सिरिंजमध्ये आहे.

३० मार्च, पाडवा

शेजारचा मुलगा गुढीला नमस्कार करून आमच्याकडं आला. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलाय, अशा पदवीधरांसाठीच्या एफएमजीई या परीक्षेचा अभ्यास चालू आहे. ३०० प्रश्न, पास व्हायला १५० गुण. वर्षातून दोनदा परीक्षा. त्यानंतर इथली इंटर्नशिप, मग कायम नोंदणी. “काकू, तिकडं सहा वर्षं शिकलो, मग पुन्हा परीक्षा कशाला?” त्यानं विचारलं. मी त्याला खरं तेच सांगितलं. इथल्या पेशंटला तुझं कॉलेज ठाऊक नाही. तू कुठं शिकलास हे त्याला तपासता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी तपासायला हवं.

त्याच्या मागून जाणाऱ्यांना अटी आणखी कडक आहेत. नोव्हेंबर २०२१च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातला हवा, १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत हवी, आणि त्या देशातही वैद्यकी करायला ती पदवी पात्र हवी. एजंटाच्या बोलण्यावर शेत गहाण टाकणाऱ्या आईबापांनी आधी हे नियम कुणाकडून तरी वाचून घ्यावेत. नियम निर्दय नाहीत, पण उशिरा कळले की घर बसतं.

७ एप्रिल

जागतिक आरोग्य दिन. मुलींच्या शाळेत बोलायला गेले होते, डॉ. रखमाबाईंची गोष्ट सांगितली. ब्रिटनमध्ये १८५८च्या कायद्यानं डॉक्टरांचं नोंदणीपुस्तक सुरू झालं. भोंदूंपासून लोकांना वाचवण्यासाठी ते हवंच होतं. पण त्यात नाव लागायचं तर परवाना देणाऱ्या संस्थांची परीक्षा द्यावी लागे, आणि त्या संस्था बायकांना दारात उभं करत नसत. त्यांना प्रवेश द्यायची मुभा कायद्यानं दिली ती १८७६ साली. त्यामुळंच १८८९मध्ये लंडनला गेलेल्या आपल्या रखमाबाईंना पुढची वाट मिळाली. १८९४मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि परतून सुरतेत बायकांवर उपचार करू लागल्या.

मुलींना म्हटलं, चाळणी बारीक असावी, पण ती सगळ्यांना एकच असावी. ज्ञान तपासा, हात तपासा. जात, लिंग, खिसा तपासू नका.

१३ एप्रिल

भाची लॅपटॉप घेऊन आली, आम्ही मिळून अर्ज भरला. पदवीचे कागद, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, तात्पुरत्या नोंदणीचं प्रमाणपत्र, ओळखपत्र, फोटो, शुल्क. पुढं सरकारी बंधपत्राची एक वर्षाची सेवा आहेच. नोंदणी करताना डॉक्टरला प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. धर्म, वंश, पक्ष, सामाजिक प्रतिष्ठा यांपैकी काहीही माझ्या आणि रुग्णाच्या मध्ये येऊ देणार नाही, असं त्यात लिहून द्यायचं असतं. तिला म्हटलं, घाईनं सही करू नकोस, आधी मोठ्यानं वाच. तिनं वाचलं.

एक विनंती करून आजचं पान संपवते. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक बघा. नसेल तर विचारा. परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळूनही पाहता येतो. खऱ्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही, येऊही नये. तो क्रमांक आमच्या मिरवण्यासाठी नसून तुमच्या रक्षणासाठी आहे, आणि तो विचारणं हा तुमचा हक्क आहे.